माळ्यावरची ओळ

रायपुरात, पंडरीच्या कापडबाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर, शिशिर सरांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. तिथे सोमवारी सकाळी नवं सॉफ्टवेअर आलं आणि दिवाकरचा डावा हात बेकार झाला.

घरांचे नकाशे काढणं हा दिवाकरचा पेशा. उजव्या हातात माउस, डावा की-बोर्डवर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने आपल्या बोटांच्या सोयीने बटणं बसवून घेतली होती. डी दोनदा दाबलं की भिंतीत दार बसायचं, डब्ल्यू दोनदा दाबलं की खिडकी. बोटांना इतकी सवय की डोकं दुसरीकडे असलं तरी घर उभं राहायचं. आता डी दोनदा दाबलं तर खालच्या पट्टीत उत्तर यायचं, ही आज्ञा माहीत नाही.

"माहीत नाही म्हणते! अबे, कालपर्यंत तर माहीत होती," दिवाकर पडद्याला म्हणाला.

"भैया, आपकी सेटिंग शाम तक ले आऊँगी," पलीकडच्या टेबलावरून रूपाली म्हणाली. "पहले पुरानी फाइलें तो नए में खुल जाएँ."

रूपाली ऑफिसातली तरुण आर्किटेक्ट. माहेर अमरावतीकडचं, पण वाढली रायपुरात; मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. नवं सॉफ्टवेअर आणा म्हणून सरांच्या मागे तीच लागली होती. दिवाकरने विरोध केला होता, म्हणजे चहाच्या वेळी केला होता, सरांसमोर नाही. त्याचा विरोध नेहमी असाच असायचा. मनातलं सगळं बोलून टाकायचा, फक्त ज्याला सांगायचं तो खोलीबाहेर गेल्यावर.

त्यातून येत्या रविवारी त्याच्या मुलीचं, अनुश्रीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. बायको सारखी फोन करायची, हॉलवाल्याला सांगितलं का, पेढे कुठले. दिवाकर उठायचा, पाणी प्यायचा, बसायचा, खिडकीतून खाली हातगाड्यांची गर्दी बघायचा, परत बसायचा. माउस हलवला की पडद्यावर काहीतरी भलतंच उघडायचं. नवा जोडा पायाला चावावा तसं त्याला झालं होतं.

दुपार व्हायच्या आत रूपाली तिचा फोन घेऊन त्याच्याजवळ आली. एकदम खुशीत.

"भैया, असली मज़ा तो ये है. अब प्रिंट निकालो, क्लायंट के घर पहुँचाओ, सब बंद. यहीं से लिंक भेज दो, वो अपने मोबाइल पे पूरा घर देख ले. देखो, अभनपुर वाले बाबाराव जी का. आधे घंटे पहले उनको भेजा."

दिवाकरने बघितलं. बाबारावांच्या घराचा वरचा मजला. रूपालीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. जिना, पॅसेज, मोठी खोली, तिच्यामागची आतली खोली. आणि आतल्या खोलीच्या मधोमध जांभळी अक्षरं.

दिवाकरच्या तोंडचं पाणी पळालं.

आता ही जांभळी अक्षरं काय होती, ते आधी सांगायला हवं. कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा असतो. एकावर भिंती, एकावर दारं, एकावर मापं. त्यात एक थर असा असतो की त्यावर काहीही काढा, पडद्यावर दिसतं, पण छापताना येत नाही. कच्च्या रेघा ठेवायला तो बरा. दिवाकर आणि त्याचा जुना जोडीदार सचिन त्याला माळा म्हणायचे. घरातला अडगळीचा माळा पाहुण्याला कुठे दिसतो? तसाच हा. सचिन त्यावर लिहायचा, "मालकाला तीन संडास, वाचायला एक टेबल नाही." दिवाकर खाली उत्तर लिहायचा. सचिन नोकरी सोडून भिलाईला गेला, तरी दिवाकरची सवय सुटली नाही. क्लायंटला तोंडावर जे बोलता यायचं नाही, ते माळ्यावर जायचं. तेही मराठीत. ऑफिसात मराठी कळायची ती एकट्या रूपालीला, आणि ती दिवाकरच्या फाइली उघडायची नाही; क्लायंट हिंदी बोलणारे. मराठीत लिहिलं म्हणजे पुरून टाकलं. आणि क्लायंटच्या हाती तर छापील कागदच जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फक्त बाबाराव मराठी होते. आणि आता कागद जात नव्हता, पडदाच जात होता.

बाबारावांचं अभनपुरात बी-बियाण्याचं दुकान. भोसल्यांच्या काळापासून इकडे स्थिरावलेलं घराणं, बोलण्यात गोडवा, हुकूम देण्यातही गोडवा. मागल्या वर्षी नवं घर बांधायचं म्हणून ते ऑफिसात आले, तेव्हा दिवाकरशेजारी खुर्ची ओढून बसले. वरच्या मजल्यावर जिन्याशी आपली खोली, तिच्यामागे मुलाची. दिवाकरने मुलाच्या खोलीला पॅसेजमध्ये दार दिलं. बाबाराव म्हणाले, "नाही नाही, ते दार आमच्या खोलीतून द्या. उद्या सून येईल. येणारी-जाणारी नजरेखालून गेली पाहिजे." आणि हसले. दिवाकरही हसला. पॅसेजची भिंत त्याने कोरी केली आणि दार सासूसासऱ्यांच्या पलंगाशेजारी नेऊन बसवलं. ते गेल्यावर मात्र त्याच्या मस्तकाची शीर उठली, आणि माळ्यावर त्याने लिहिलं: "सून आणून राहिले का कोंबडी? कोंबडीच्या खुराड्यालेही स्वतःचं दार असते."

लिहिलं आणि मोकळा झाला.

पुढे घराचं काम मागे पडलं, पण बाबारावांचं येणं-जाणं वाढलं. रायपुरात आपल्या बोलीत गप्पा मारणारा माणूस सापडला म्हणजे कोण सोडतो? गणपतीत त्यांच्या पत्नीने, वनमालाबाईंनी, अनुश्रीला पाहिलं. मुलगा श्रेयस शेतकीची पदवी घेतलेला, वडिलांचं दुकान बघणारा, शांत. अनुश्री कॉलेजात शिकवणारी. दोघं दोनदा भेटले आणि एकमेकांना हो म्हणाले. सोयरीक जुळली.

आणि ती खोली? दिवाकर ती विसरला होता असं नाही. त्याने ती बाजूला ठेवली होती. भिंतच आहे, लग्न झाल्यावर फोडता येईल, असं तो स्वतःला सांगायचा. घरी एवढंच म्हणाला होता, मोठं घर आहे, नवं बांधून राहिले.

"रूपाली, लिंक बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"क्यों? क्या हुआ?"

"चूक आहे त्याच्यात. दार चुकलं आहे." हे काही खोटं नव्हतं.

रूपालीने फोनवर दोन-तीन ठिकाणी दाबलं. "लो, बंद. पर भैया, एक बार खुल चुकी है."

"कोणं खोलली?"

"नाम नहीं बताता. बस इतना कि खुली."

दिवाकरने बाबारावांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. श्रेयसला लावावा का? लावून काय बोलणार? 'जावईबापू, तुमच्या घराला मी खुराडं म्हटलं, ते वाचू नका'? त्याने फोन खिशात ठेवला, काढला, ठेवला. वाचलं म्हणूनच उचलत नाहीत. आता संध्याकाळी निरोप येईल, मुलाच्या पत्रिकेत काहीतरी निघालं आहे, माफ करा. रविवारचा हॉल. सगळ्या रायपुरातल्या मराठी घरांत चर्चा. अनुश्रीचा चेहरा. त्याला बसवेना.

"साइटवर जाऊन येतो," तो म्हणाला आणि जिने उतरला.

पचपेडी नाका ओलांडून धमतरी रोडला लागेपर्यंत स्कूटरची सीट तापून तवा झाली होती. डोक्याला गमछा, त्यावर हेल्मेट, आत घामाच्या धारा. दिवाकर वाटेत बोलणी जुळवत होता. बाबारावजी, ते सचिन नावाच्या पोट्ट्यानं लिहिलं, तो असाच आगाऊ होता. हे चांगलं होतं. सचिन भिलाईला, त्याला कोण विचारायला जातो? मग वाटलं, बाबाराव म्हणतील, सचिनला आमच्या सुनेच्या खोलीशी काय घेणं? मग ते दुसऱ्या क्लायंटचं आहे, चुकून इकडे आलं. पण सून, दार, सगळं जिथल्या तिथे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर दुपारी टळटळीत चांदणं पडलं होतं. एका ट्रकने मागून हॉर्न दिला तर त्याला वाटलं बाबारावच ओरडले.

वाटेत एका पानठेल्यावर थांबून त्याने पुन्हा फोन लावला. उचलला नाही. नव्या सॉफ्टवेअरला, रूपालीला, ह्या मोबाइलच्या जमान्याला त्याने मनातल्या मनात शिव्या घातल्या. जुनं होतं तेव्हा प्रत्येक गोष्ट आपल्या जागी होती. दिसायचं ते दिसायचं, लपायचं ते लपायचं.

बाबारावांचं घर दुकानाच्या मागेच. दुपारचं जेवण झालं होतं. बाबाराव बैठकीत कूलरसमोर बनियनवर बसले होते, श्रेयस जमिनीवर बियाण्याच्या पाकिटांचा ढीग लावत होता. दिवाकरला दारात बघून बाबाराव उठलेच.

"अरे, व्याहीबुवा! ह्या उन्हात? सगळं ठीक आहे ना? अहो ऐकलं का, दिवाकरराव आले, पन्हं आणा."

दिवाकर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. रागाचा मागमूस नव्हता. "फोन लावून राहिलो होतो," तो कसाबसा म्हणाला.

"फोन आत चार्जिंगले आहे. काहून, काय झालं?"

"ते... ड्रॉइंग आलं असंल. लिंक."

"हव, आलं होतं काहीतरी. मले कुठं ते उघडता येते! चष्माही दुकानात राहिला. मी तसंच श्रेयसले पाठवून दिलं."

दिवाकर श्रेयसकडे वळला. श्रेयसने पाकिटं बाजूला ठेवली. "मैंने भी नहीं देखा, काका. गोदाम में था. मैंने तो सीधे अनुश्री को भेज दिया. सोचा, पहले वही देख ले, उसी का तो कमरा है." आणि तो थोडा लाजला.

वनमालाबाई पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. दिवाकरने पेला हातात घेतला. सुटलो! यांनी कोणीच बघितलं नाही. एक क्षण त्याला एवढं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला, आणि बाबारावही कारण नसताना त्याच्यासोबत हसले. पन्ह्याचा पहिला घोट घशाखाली उतरला.

मग त्याला कळलं की लिंक एकदा उघडली होती, आणि ती कोणी उघडली.

खिशातला फोन वाजला. अनुश्री. तो पेला ठेवून ओसरीवर गेला.

"बाबा, कहाँ हो?"

"अभनपुरात. कामानं आलो होतो."

"श्रेयस ने घर का ड्रॉइंग भेजा था." ती थांबली. "वो बैंगनी में जो लिखा है, आपने लिखा है ना?"

सचिनचं नाव ओठांवर आलं. वाटभर घोटून तयार केलेलं होतं. पण ह्या पोरीने बापाचं अक्षर नाही, बापाचं बोलणं ओळखलं होतं. कोंबडी आणि खुराडं घरात रोज कोण बोलायचं ते तिला माहीत होतं.

"हव," तो म्हणाला.

"कब लिखा?"

"मागच्या साली. तेव्हा तुही गोष्टच नव्हती, बेटा. मले काय माहीत का पुढं..."

"यानी आपको शुरू से पता था कि वो कमरा कैसा है."

दिवाकरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जिस बहू को आप जानते तक नहीं थे, उसके लिए इतना गुस्सा आया आपको," अनुश्री म्हणाली. मग तिने नेहमीची हिंदी सोडली. "माह्यासाठी नाही आला?"

ती रडत असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोरीची समजूत काढता येते. ती साध्या आवाजात विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. दिवाकरला लाज वाटली. आयुष्यात क्लायंटसमोर, सरांसमोर, तो कितीदा मान खाली घालून हसला होता, तेव्हा अशी वाटली नव्हती. सकाळपासून तो लोक काय म्हणतील म्हणून पळत होता, आणि जिच्यासाठी पळतो आहोत असं त्याला वाटत होतं, तिलाच त्याने त्या दाराशी नेऊन उभं केलं होतं.

"मैं मना नहीं कर रही," ती म्हणाली. "श्रेयस अच्छा है. बस पूछ रही हूँ."

"थांब. पाच मिन्टं थांब, मी फोन करतो तुले."

त्याने फोन ठेवला. ओसरीवरून नव्या घराचा प्लॉट दिसायचा. विटांचा ढीग, वाळू, पाया खणायला आखलेल्या चुन्याच्या रेघा. अजून एकही भिंत उभी नव्हती. त्याने रूपालीला फोन लावला.

"रूपाली, ती लिंक परत चालू कर. श्रेयसच्या नंबरवर पाठव."

"भैया, वो बैंगनी वाला लेयर बंद करके भेजूँ? मैंने... अब पढ़ लिया है."

"नको."

"पक्का?"

"जसं आहे तसंच जाऊ दे."

तो आत आला. खुर्चीवर बसला नाही. "बाबारावजी, ड्रॉइंग येऊन राहिलं पुन्हा. आता तुम्ही सगळ्यांनी पाहून घ्या. माह्यासमोर."

श्रेयसचा फोन वाजला. त्याने लिंक उघडली, बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. वनमालाबाईंनी पदराला हात पुसून फोन त्याच्या हातातून घेतला. त्यांना मोठं करून बघता येईना, तेव्हा श्रेयसने दोन बोटांनी करून दिलं.

"वाच ना मोठ्यानं," बाबाराव म्हणाले. "काय लिहिलं आहे?"

वनमालाबाईंनी वाचलं. "सून आणून राहिले का कोंबडी..." पुढचं त्यांनी अगदी हळू वाचलं, पण कूलरच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोणं लिहिलं हे?" बाबारावांचा गोडवा गेला होता.

"मी," दिवाकर म्हणाला. "तुम्ही दार बदलायले लावलं, त्या दिवशी लिहिलं. तुमच्यासमोर बोलाची हिंमत नव्हती, म्हणून लपवून लिहिलं. ती माही चूक. आन् मग सोयरीक झाली, तेव्हा तर बोलायलेच पाहिजे होतं, तेव्हाही चूप बसलो. ती पहिल्याहून मोठी चूक. माह्या पोरीनं आज ते वाचलं. आता मी चूप नाही बसत. त्या खोलीले पॅसेजमधून दार द्या. नसंल द्यायचं, तर इतवारचं साक्षगंध होत नाही."

"दिवाकरराव, तुम्ही माह्या घरात उभे राहून..."

"हव. तुमच्याच घरात उभा आहो."

मुलगा काहीतरी बोलेल म्हणून बाबाराव श्रेयसकडे वळले. श्रेयस उठून दिवाकरच्या बाजूला येऊन उभा राहिला, एवढंच. बोलायची सवय त्यालाही नव्हती.

वनमालाबाईंची नजर अजून फोनवरच होती. त्या बोटाने नकाशा इकडे सरकवत, तिकडे सरकवत होत्या. जिन्याशी आल्या, आपल्या खोलीत गेल्या, पलंगाशी थांबल्या, मागच्या खोलीत शिरल्या, परत बाहेर आल्या.

"आमच्या सासूबाईंची खाट अशीच दारात होती," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते समजलं नाही. "पाणी प्यायले उठलं तरी त्या विचारत, कोण आहे."

बाबारावांनी कूलरकडे तोंड फिरवलं.

"भाऊ," वनमालाबाईंनी फोन दिवाकरपुढे धरला, "दार कोणीकडून निघंल?"

दिवाकरने पॅसेजच्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

"मग काढा. आन् ते जांभळं एवढ्यात मिटवू नका," त्या म्हणाल्या. "श्रेयस, जाय, दुकानातून बाबांचा चष्मा घेऊन ये."